भय की भीती?

नातीने विचारले, "आजोबा, देव प्रेमळ आहे, मग बायबलात त्याचे भय धरायला का सांगतात?"

लक्ष्मीबाई टिळकांचे बघा. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, तरी बाईंचे सोवळे सुटले नाही. पुढे जातिभेद देवाने केलेला नाही हे मनाला पटले आणि विटाळाची भीती गळाली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. मला वाटते, ही भीती गेल्यावरच देवाच्या भयाला जागा होते.

ठाण्याच्या शाळेत मीही छडी बाळगायचो (आता लाज वाटते). मी वर्गाबाहेर पडलो की नुसता गोंधळ! छडी टाकल्यानंतर एका वर्षी एक मुलगा संध्याकाळी डोंबिवलीला घरी आला. म्हणाला, "सर, मी कॉपी केली." त्याला कुणीच पाहिले नव्हते.