भंवरीच्या बोलण्याचे काय?

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर कुठे जायचे, हे आज आपल्यापैकी अनेकजणी शिबिरांतून सांगतात. विशाखा निकाल, २०१३ चा कायदा, अंतर्गत समिती, स्थानिक समिती हे शब्द वस्त्यांमधल्या बैठकींतही रुळले आहेत. ही चळवळीची कमाई आहे आणि ती लहान नाही. पण जिच्यामुळे हे घडले, तिच्या कहाणीचा अर्धा भाग आपण मागेच ठेवून आलो आहोत.

भंवरीदेवी ही जयपूर जिल्ह्यातल्या भटेरी गावची, कुंभार समाजातली. १९८५ पासून ती राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन म्हणून तुटपुंज्या मानधनावर काम करत होती. १९९२ साली अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सरकारने बालविवाहांविरुद्ध मोहीम काढली आणि साथिनींना कामाला लावले. गावातल्या एका गुज्जर कुटुंबात अगदी तान्ह्या मुलीचे लग्न ठरले होते. भंवरीने घरच्यांना समजावले, वर कळवले. पोलीस आले, दिवसा लग्न थांबले, रात्रीत लागले. अधिकारी आपापल्या गावी परतले. भंवरीला मात्र भटेरीतच राहायचे होते. तिच्या घरची मडकी घेणे गावाने बंद केले. २२ सप्टेंबर १९९२ रोजी तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले.

हा हल्ला का झाला? ती बाई होती म्हणून, खालची मानलेल्या जातीची होती म्हणून. पण त्याबरोबरच, ती बोलली म्हणून. सरकारने सोपवलेले काम तिने कागदावर उरकले नाही. सदसद्विवेकाला स्मरून ते केले, त्याची ही शिक्षा होती.

१३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखा निकाल दिला. त्यात भंवरीचे नाव नाही. राजस्थानातल्या एका खेड्यातली समाजसेविका एवढाच तिचा उल्लेख आहे. समानता, सन्मानाने जगण्याचा हक्क आणि व्यवसायाचे स्वातंत्र्य या आधारांवर न्यायालयाने मालकाला जबाबदार धरले. हे मोठेच पाऊल होते. पण कामाचा भाग म्हणून अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्या बाईला तिच्या मालकाने, म्हणजे इथे सरकारने, कसे संरक्षण द्यावे, हा प्रश्न तिथे सोडवला गेला नाही. कायद्याने भंवरीच्या शरीरावरच्या अत्याचाराची दखल घेतली, तिच्या बोलण्याची घेतली नाही.

हा राजस्थानपुरता प्रश्न नाही. आपल्याकडे अंगणवाडी सेविका, आशा, कंत्राटी परिचारिका हेच काम करतात. मुलांची वजने घ्यायची, कुपोषण नोंदवायचे, बालविवाहाची खबर द्यायची. खरी नोंद केली की वरिष्ठ नाराज, खबर दिली की गाव नाराज. आणि दोन्हीकडून संरक्षण देणारा कुणी नाही, कारण ती धड कर्मचारीच नाही. अंगणवाडी सेविकेचे पद नागरी सेवेतले पद नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले. तिला ग्रॅच्युइटी मिळू शकते, एवढे मान्य व्हायला २०२२ साल उजाडले. मात्र मार्च २०१८ मध्ये, आदल्या वर्षीच्या मोठ्या संपानंतर, महाराष्ट्र सरकारने याच सेविकांना मेस्मा लावला. विधिमंडळात गदारोळ झाला तेव्हा त्याला स्थगिती दिली गेली. म्हणजे पगार मागितला तर ती मानसेवी आणि काम थांबवले तर अत्यावश्यक! हक्काच्या वेळी समाजसेविका, गप्प बसवण्याच्या वेळी नोकर.

जे पक्के सरकारी कर्मचारी आहेत त्यांना वर्तणूक नियम आहेत. सरकारच्या धोरणावर टीका करायची नाही, असे ते सांगतात. तरीही नोकरीत शिरल्याने माणूस मूलभूत हक्क गमावत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच कामेश्वर प्रसाद खटल्यात मान्य केले आणि निदर्शनांवरची सरसकट बंदी रद्द केली. संपाचा हक्क मात्र त्यात आला नाही. जानेवारी २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा मांडले. राजकीय सभेला गेली आणि फेसबुकवर लिहिले म्हणून निवृत्तीच्या तोंडावर निलंबित केलेल्या एका कर्मचारी बाईचा तो खटला होता. पण न्यायालयापर्यंत पोचायला पाठीशी पेन्शन लागते, वकील लागतो. जिचे काम एका तोंडी निरोपाने थांबू शकते, तिने काय करायचे?

यावर कुणी म्हणेल की शिस्त नको का? गुप्तता नको का? जरूर हवी. एखाद्या बाईच्या गर्भपाताची किंवा एचआयव्हीची माहिती गावभर करण्याला आपण अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणणार नाही. आणि सदसद्विवेकाचे नाव पुढे करून कुणी गर्भपातासाठी आलेल्या बाईला परत पाठवले, किंवा दलित मुलांना वेगळे बसवले, तर तेही चालणार नाही. मग फरक कसा करायचा? किंमत कोण मोजते ते पाहावे. आपल्या विवेकासाठी जी स्वतः धोका पत्करते तिच्या पाठीशी आपण उभे राहू. दुसरीच्या हक्काचा बळी देऊन जो आपला विवेक सांभाळतो, त्याच्या पाठीशी नाही. गुप्ततेचेही तसेच. २०१३ च्या कायद्यातली गुप्तता पीडितेला जपण्यासाठी आहे, कार्यालयाची अब्रू झाकण्यासाठी नाही.

तेव्हा आपल्या मागण्यांमध्ये काही गोष्टी ठळकपणे यायला हव्यात. मानधनावरच्या आणि कंत्राटी कामगार बाईला लेखी कारण आणि चौकशी याशिवाय कामावरून काढता येऊ नये. बालविवाहासारख्या प्रकरणात तक्रारदार म्हणून खात्याने उभे राहावे, सेविकेचे नाव पुढे करू नये. तिच्यावर बहिष्कार पडला तर सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या २०१६ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली तक्रारीसाठी खात्यानेच पुढाकार घ्यावा. खरी आकडेवारी दिली म्हणून होणारी बदली किंवा मानधनकपात हा छळ मानला जावा.

आणि मैत्रिणींनो, ही पट्टी स्वयंसेवी संस्थांनाही लावली पाहिजे. प्रकल्पाचा निधी संपेपर्यंतच नोकरी असलेली कार्यकर्ती बैठकीत संस्थेच्या निर्णयाविरुद्ध बोलू शकते का? बोलल्यानंतर पुढच्या वर्षी तिचे नाव यादीत असते का? सरकारकडे मागायचे ते आधी घरात द्यावे लागेल.

भंवरीदेवीला आपण शूर म्हणतो, तिचे पोस्टर लावतो. पण नोकरी टिकवून खरे बोलण्यासाठी बाईला दर वेळी शूर व्हावे लागत असेल, तर ते व्यवस्थेचे अपयश आहे. साध्या, भित्र्या, पोटापाण्याच्या चिंतेत असलेल्या बाईलाही निर्धास्तपणे बोलता आले पाहिजे. आपली लढाई त्यासाठी आहे.