स्वातंत्र्याचा खर्च कोणी सोसावयाचा?

संगणकाच्या क्षेत्रात गेली चाळीस वर्षे एक चळवळ चालू आहे. आपल्या वर्तुळात तिची जेवढी दखल घेतली जावयास हवी होती, तेवढी घेतली गेलेली नाही. संगणक सुरू करताच जी मूळ प्रणाली त्याचा कारभार हाती घेते, जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, ती एखाद्या कंपनीची खाजगी मालमत्ता असावी की समाजाची सामाईक संपत्ती, हा त्या चळवळीपुढील प्रश्न होय. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८३ मध्ये अशी सामाईक प्रणाली निर्माण करण्याची घोषणा केली. १९९१ मध्ये लिनस टॉर्व्हाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने तिचा उरलेला गाभा लिहून सर्वांना खुला केला. लिनक्स या नावाने आज ओळखली जाणारी ही प्रणाली कोणीही वाचावी, बदलावी आणि शेजाऱ्याला द्यावी, अशी तिची अटच आहे.

गुणवत्तेच्या कसोटीवर ही प्रणाली कोठेही कमी पडलेली नाही. जगातील सर्वाधिक शक्तिमान अशा पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक २०१७ पासून लिनक्सवर चालतो. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे. परंतु कचेरीतील आणि घरातील टेबलावरच्या संगणकांकडे पाहिले तर शंभरांतील जेमतेम चार-पाच या प्रणालीवर चालतात. जी वस्तू उत्तम आहे आणि जिला पैसेही पडत नाहीत, ती लोक का घेत नाहीत?

या चळवळीतील अनेक उत्साही मंडळी याचे उत्तर तयार ठेवून असतात. लोक आळशी आहेत, जाहिरातींना भुललेले आहेत, त्यांना गुलामीची सवय झाली आहे, असे ते म्हणतात. हे उत्तर जितके सोपे आहे तितकेच अन्यायाचे आहे. लोकांच्या वागण्याचा अर्थ लावण्यापूर्वी ते कोणत्या परिस्थितीत वागतात हे पाहणे, ही तर समाजवादी विचाराची पहिली पायरी होय.

तालुक्याच्या गावी दुकानदारांचे हिशेब लिहिणाऱ्या माणसाचा विचार करा. त्याचे सारे काम टॅली या प्रणालीत चालते आणि टॅली विंडोजसाठी बनवलेली आहे. जीएसटीची विवरणपत्रे तयार करण्यासाठी सरकारने जी साधने पुरवली, ती विंडोज आणि एक्सेल गृहीत धरूनच बनवली गेली. गावातल्या छापखान्यात अक्षरजुळणी करणाऱ्या कामगाराची अडचण याहून जुनी आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती यांसारख्या फाँटांमध्ये वर्षानुवर्षे जुळवलेला मराठी मजकूर त्या त्या फाँटावाचून उघडला तर निरर्थक चिन्हांचा ढीग दिसतो. शिवाय पृष्ठरचनेसाठी तो जे इनडिझाइन वापरतो, ते लिनक्ससाठी निघतच नाही. अंध व्यक्तींसाठी पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे एनव्हीडीए हे साधन स्वतः मुक्त आणि विनामूल्य आहे, पण तेही चालते विंडोजवरच! या तिघांना आळशी म्हणण्याचे धाडस कोणी करावे?

किमतीचा मुद्दाही दिसतो तितका सरळ नाही. नव्या संगणकाच्या किमतीत विंडोजचे मूल्य बहुधा आधीच मिसळलेले असते, त्यामुळे गिऱ्हाइकाला ते वेगळे दिसत नाही. ज्याला वेगळे द्यावे लागले असते, त्याला आपल्या बाजारपेठेत नक्कल केलेली प्रत सहज मिळत आली आहे. म्हणजे ‘फुकट’ या गुणाची स्पर्धा ‘फुकट वाटणाऱ्या’ वस्तूशी होते. चीनमधील लोक आमची प्रणाली चोरणारच असतील तर त्यांनी ती आमचीच चोरावी, त्यांना तिची सवय लागेल आणि पैसे कसे वसूल करावयाचे ते आम्ही पुढे पाहू, अशा आशयाचे उद्गार बिल गेट्स यांनी १९९८ मध्ये काढले होते. मक्तेदारीचे अर्थशास्त्र इतक्या मोकळेपणाने क्वचितच कोणी सांगितले असेल.

अर्थशास्त्रज्ञांना ही घटना अपरिचित नाही. पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये टंकलेखन यंत्राच्या कळफलकाचे उदाहरण घेऊन दाखवले की, एखादी पद्धत एकदा रूढ झाली की ती सर्वोत्तम नसली तरी टिकून राहते, कारण प्रत्येकजण इतर सर्वांच्या सवयीला बांधलेला असतो. अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टविरुद्ध चालवलेल्या खटल्यातही न्यायालयाने १९९९ मध्ये हेच नमूद केले. विंडोजवर चालणाऱ्या हजारो उपयोजनांचा साठा हीच प्रतिस्पर्ध्याच्या वाटेतील भिंत आहे, असा तो निष्कर्ष होता. साध्या भाषेत सांगावयाचे तर प्रणाली बदलण्याचा खर्च एकट्याने आणि आज सोसावा लागतो, लाभ मात्र सर्वांना आणि उद्या मिळतो. अशा व्यवहारात एकट्या माणसाने बदल नाकारणे हे शहाणपणाचेच लक्षण होय. दोष आहे तो रचनेचा.

आपल्या देशाने ही कोंडी एकदा फोडलेली आहे. शेर, मण, पायली, तोळा ही मापे निरनिराळ्या मुलखांत निरनिराळी होती आणि रुपयाचे सोळा आणे होते. दशमान पद्धत अधिक सोपी आहे हे शाळेतल्या मुलालाही पटले असते. परंतु बाकीचा बाजार शेराने चालला असता एकाच वाण्याने किलोचे वजन ठेवले असते, तर त्याचे दुकान बंद पडले असते. १९५६ साली संसदेने वजनमापांचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले आणि ऑक्टोबर १९५८ पासून नवी वजने टप्प्याटप्प्याने लागू करण्यात आली. रूपांतराची कोष्टके छापली गेली, पाठ्यपुस्तके बदलली गेली. बदलाचा खर्च समाजाने एकत्रितपणे उचलला म्हणूनच तो प्रत्येकाला परवडला.

संगणकाच्या बाबतीत असा प्रयत्न झाल्याची दोन उदाहरणे अभ्यासण्याजोगी आहेत. जर्मनीतील म्युनिच नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्स स्वीकारण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौरांच्या भेटीस धावून आले. तरीही निर्णय टिकला आणि २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक बदलले गेले. परंतु २०१७ मध्ये त्याच नगरपालिकेने विंडोजकडे परतण्याचे ठरवले. निर्णय घेणारे आणि तो फिरवणारे दोन्ही महापौर सोशल डेमोक्रॅट पक्षाचेच होते, ही गोष्ट आपण विसरू नये. बाकीची सरकारी कार्यालये जुन्याच प्रणालीवर असताना एकटे शहर बेटासारखे राहिले, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी साचत गेल्या आणि मूळ राजकीय इच्छा विरून गेली.

केरळचा अनुभव वेगळा आहे. तेथे २००१ मध्ये शाळांमधून संगणकशिक्षणाची योजना सुरू झाली आणि काही वर्षांतच ती मुक्त प्रणालीवर आणण्यात आली. आधी शिक्षक तयार केले गेले, अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यानुसार बदलल्या. मल्याळम भाषेचे फाँट आणि साधने घडवण्याचे काम ‘स्वतंत्र मलयाळम कंप्यूटिंग’ या स्वयंसेवी गटाने २००२ पासून हाती घेतले. डावी आघाडी आली, काँग्रेस आघाडी आली, तरी शाळांमधील हे काम थांबले नाही. महाराष्ट्रात मात्र या शतकाच्या आरंभापासून एमएस-सीआयटीच्या वर्गांतून लक्षावधी लोक संगणक शिकले, ते मुख्यतः विंडोज आणि ऑफिस शिकले. ज्या शेजाऱ्याने मुलांच्या बोटांना पहिली सवय वेगळी लावली, त्याला पुढे मन वळवण्याचे श्रम पडले नाहीत.

सरकारने लोकांच्या घरात शिरून प्रणाली ठरवावी काय, असा प्रश्न कोणी विचारील. मुळीच नाही. नागरिकाने स्वतःच्या संगणकावर काय चालवावे हा त्याचा प्रश्न आहे. परंतु कर भरण्यासाठी, अर्ज करण्यासाठी वा परीक्षा देण्यासाठी एखाद्या विशिष्ट कंपनीचे गिऱ्हाईक होण्याची पाळी शासनाने नागरिकावर आणू नये. आज सक्ती आहेच, ती फक्त दिसत नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. सी-डॅकने त्यापूर्वीच, २००७ मध्ये, बॉस ही भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली तयार केली होती. धोरण आहे, साधन आहे. अंमलबजावणीचा आग्रह धरणारे लोकमत मात्र नाही.

ही चैनीची चर्चा नव्हे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांचे कारण होऊन मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा अचानक थांबवल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, त्यानंतर त्या पूर्ववत झाल्या. तो प्रश्न टपाल आणि संपर्कसेवांचा होता, तथापि परक्या निर्णयावर अवलंबून असणे म्हणजे काय, हे त्यातून स्पष्ट झाले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. धडधाकट चालणारे कितीतरी जुने संगणक नव्या आवृत्तीच्या अटींत बसत नाहीत. शाळेला वा पतसंस्थेला ते भंगारात टाकावे लागले, तर तो खर्च कोणाच्या निर्णयामुळे झाला असे म्हणावयाचे?

म्हणून कार्यकर्त्यांनी हिशेबनीसाला वा अक्षरजुळणी करणाऱ्याला उपदेश करीत बसू नये. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुले कोणत्या प्रणालीवर शिकतात, विद्यापीठ आपले अर्ज कोणत्या स्वरूपात मागते, आपल्या प्रभावाखालील सहकारी संस्था नवे संगणक घेताना काय विचार करतात, मराठीची मुक्त साधने घडवणाऱ्यांना सार्वजनिक पैसा मिळतो की नाही, हे प्रश्न सभागृहांत आणि सर्वसाधारण सभांत विचारावेत. शेर सोडून किलो धरण्यासाठी कोणाला वीर व्हावे लागले नाही. मुक्त प्रणाली वापरण्यासाठीही कोणाला वीर व्हावे लागू नये, एवढी व्यवस्था उभी करणे हे राजकारणाचे काम आहे.