एका कानाची तक्रार

हिशेबातील लहानशी तफावतही दुर्लक्षू नये, हा धडा बँकेच्या सेवेने मला दिला. शरीराचेही तसेच आहे. तरुण मुलगा मोबाईल नेहमी एकाच कानाला लावतो, अंधारात त्याचा तोल जातो. आपण मात्र कानात मळ साचला असे समजून तेल घालीत बसतो.

श्रवण व तोल सांभाळणाऱ्या आठव्या मज्जातंतूवर कधी गाठ येते. ती कर्करोगाची नसते, परंतु वाढल्यास मेंदूवर दाब आणते. तरुण वयात दोन्ही बाजूंस अशा गाठी आढळल्या, तर 'न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाईप टू' या विकाराची शंका घेतात. त्याचे २२व्या गुणसूत्रावरील जनुक १९९३ मध्ये ओळखले गेले. बाधित पालकाच्या प्रत्येक अपत्यास हा विकार होण्याचा संभव ५० टक्के असतो. तथापि सुमारे निम्म्या रुग्णांच्या घराण्यात तो पूर्वी नसतोच. म्हणून कुळाला दोष देणे व्यर्थ, आणि सोयरिकीच्या वेळी तो लपविणे अन्यायाचे.

लहान गाठीवर केवळ नजर ठेवतात. अन्यथा शस्त्रक्रिया वा गॅमा नाईफचे किरणोपचार करतात. गेलेले श्रवण बहुधा परतत नाही. यास्तव एका कानाची तक्रार असल्यास पिंपळगाव रेणुकाईहून जालना वा छत्रपती संभाजीनगर गाठावे, श्रवणचाचणी व डॉक्टरांनी सुचविल्यास एमआरआय करून घ्यावा.