आम्ही ‘होय’ का म्हणू?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आपल्या मालवण तालुक्यातील वराड गावचे एक डॉक्टर परदेशी गेले व पुढे आयर्लंडात स्थायिक झाले. त्यांचे चिरंजीव लिओ वराडकर हे त्या देशाचे आरोग्यमंत्री असता, १८ जानेवारी २०१५ रोजी रेडिओवरून, आपण समलिंगी आहोत असे त्यांनी उघड सांगितले. त्याच वर्षी २२ मे रोजी आयर्लंडने जनतेचा कौल घेतला. दोन पुरुषांस किंवा दोन स्त्रियांस एकमेकांशी कायदेशीर लग्न करता यावे काय, हा प्रश्न होता. बारा लाखांवर लोकांनी ‘होय’ म्हटले, सात लाख चौतीस हजारांनी ‘नाही’ म्हटले. शेकडा ६२ मतांनी देशाची घटना बदलली. २०१७ साली वराडकर तेथील पंतप्रधान झाले, आणि २०१९ च्या डिसेंबरात वराडास आले तेव्हा गावाने आपला माणूस म्हणून त्यांचे स्वागत केले.

ही गोष्ट चांगली झाली. पण मोठ्या पदावरच्या पाहुण्यास हार घालणे सोपे असते. खरी परीक्षा आहे ती आपल्याच वाडीतल्या, पदही नाही नि पैसाही नाही अशा मुलाची. त्या परीक्षेत आम्ही स्वतः नापास झालो आहोत, म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वी आमच्या हाताखाली शिकून गेलेला एक मुलगा मुंबईहून सुटीस आला. बाप सुतारकाम करणारा. घरात लग्नाची बोलणी चालली होती. मुलगा आम्हांस एकीकडे घेऊन म्हणाला, “गुरुजी, माका लगीन करूचा नाय. माझा मन बायलमाणसाकडे वळणा नाय.” एवढे बोलताना त्याचे हातपाय कापत होते. आम्ही काय केले? “लग्न झाले की सारे सुरळीत होते,” असे शहाणपण शिकवून त्यास घरी धाडले, आणि बापासही लग्न उरकून घेण्याचा सल्ला दिला. मास्तरांचा शब्द म्हणून बापाने तो मानला.

मुलगी एका गरीब शेतकऱ्याची. तिच्या बापाने कर्ज काढून मांडव घातला. आठ महिने ती पोर आपल्यातच काही खोट आहे असे समजून रडत राहिली. नवस झाले, गाऱ्हाणी झाली, अंगारे झाले. अखेर ती माहेरी परतली, आणि लोकांनी बोट दाखविले ते तिच्याकडेच. मुलगा गावी यायचा थांबला. दोन घरांची धूळधाण झाली, आणि मांडवात अक्षता टाकून जेवून आलेले आम्ही मात्र सुखरूप राहिलो. वाचकहो, त्या मुलीचा अपराध काय होता?

काही लोक म्हणतात, ही शहरातली थेरे आहेत, पोरे पाहून बिघडतील. वीस वर्षे मुले शिकविल्यावर आम्ही सांगतो, स्वभाव फळ्यावरून उतरवून घेता येत नाही. डावखुऱ्या पोराच्या हातावर छडी मारून त्यास उजवा करू पाहणारे मास्तर पूर्वी होते. पोर उजवे झाले नाही, भित्रे मात्र झाले. कोणी म्हणतात, अशा लग्नातून मूलबाळ नाही. मग ज्या जोडप्यास मूल नाही त्यांचे लग्न आपण मोडतो काय?

कोणी धर्माचा धाक घालतात. तो धाक बहुजन समाजाने पूर्वी पाहिला आहे. २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाने भटाशिवाय पहिले लग्न लावले, तेव्हाही धर्म बुडाला अशी ओरड झाली होती. जुन्नर तालुक्यातील ओतूरच्या भटजींनी तर अशा लग्नाविरुद्ध कोर्टात दावा लावला. निरनिराळ्या जातींच्या हिंदूंची लग्ने सर्वत्र कायदेशीर ठरण्यास १९४९ चा कायदा यावा लागला. लग्न खरे कोणाचे, हे ठरविण्याचा मक्ता ज्यांनी एकदा दुसऱ्याच्या हातून काढून घेतला, त्यांनीच तो आता आपल्या शेजाऱ्यावर चालवावा काय?

आणि लग्न म्हणजे नुसते वाजंत्री नव्हे. दोघांनी वीस वर्षे एका चुलीवर जेवावे, एकमेकांचे दुखणेबाणे काढावे. मृत्युपत्र न करता एक वारला, तर सातबाऱ्यावर भाऊ-पुतण्यांची नावे लागतील, सोबत्याचे लागणार नाही. २०२४ साली सरकारने रेशनकार्ड व बँकेतील संयुक्त खाते यांपुरती वाट मोकळी केली. पण वारसाहक्क तेवढ्याने मिळत नाही. शेतकऱ्यास हे अधिक फोडून सांगावयास नको.

आपल्याकडे आयर्लंडसारखा कौल घेण्याची वहिवाट नाही. असे संबंध गुन्हा नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी ठरविले. परंतु १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायाधीशांनी सांगितले की, अशा लग्नास मान्यता देण्याचा कायदा करणे हे संसदेचे काम आहे. म्हणजे गोष्ट फिरून आपल्याच दारी आली, कारण संसदेत माणसे पाठविणारे आपणच. मते मागावयास येणाऱ्यास आपण रस्ता विचारतो, पाणी विचारतो, काजूचा भाव विचारतो. हेही विचारावे.

निवडणुकीत मतदानाचे यंत्र शाळेच्या खोलीतच येते. उद्या त्याच खोलीत हा प्रश्न आला, तर आम्ही ‘होय’ म्हणू. आमच्या सल्ल्याने ज्या मुलीचे आयुष्य नासले, तिची क्षमा मागण्यास आम्हांस तोंड नाही. तशी दुसरी मुलगी फसू नये, आणि तशा दुसऱ्या मुलास घर सोडून परागंदा व्हावे लागू नये, एवढे तरी आमच्या मताने व्हावे.

— एक शाळामास्तर, आंबोली