बापूची साक्ष : 'मित्राची गोष्ट' पुन्हा का करावी?

विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १५ ऑगस्ट १९८१ रोजी रंगमंचावर आले. दिग्दर्शन विनय आपटे यांचे होते. मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली होती. एका स्त्रीचे दुसऱ्या स्त्रीवर जडलेले प्रेम हा या नाटकाचा विषय. 'शांतता! कोर्ट चालू आहे', 'सखाराम बाइंडर', 'घाशीराम कोतवाल' ही तेंडुलकरांची नाटके पिढ्यापिढ्यांनी पुन्हा उभी केली. 'मित्राची गोष्ट'च्या वाट्याला ते भाग्य फारसे आले नाही. ते ग्रंथालयात राहिले, प्रबंधांच्या सूचीत राहिले, 'तेंडुलकरांच्या स्त्रीव्यक्तिरेखा' या प्रश्नाच्या उत्तरात दोन ओळींपुरते राहिले. ते आज पुन्हा केले पाहिजे आणि केळापूरसारख्या तालुक्याच्या महाविद्यालयीन रंगमंचावर केले पाहिजे, असे या लेखाचे म्हणणे आहे. मात्र त्यासाठी सामान्यतः जी कारणे दिली जातात ती मला पटत नाहीत. त्यामुळे आधी त्यांचा विचार करतो.

पहिले कारण कायद्याचे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. तेव्हा आता नाटक मोकळेपणाने करता येईल, असा युक्तिवाद होतो. त्याच्याच पाठीला पाठ लावून उलटा आक्षेपही येतो : कायदा बदलला, आता हे नाटक जुने झाले. दोन्ही म्हणणी एकाच गैरसमजावर उभी आहेत. मित्राला कायदा मारत नाही. तिच्या शोकांतिकेला न्यायालय लागत नाही की फौजदार लागत नाही. तिथे वसतिगृह आहे, कॉलेजातली कुजबुज आहे, मन्या दळवीसारखा दांडगा आहे, पत्रे उघड करण्याची धमकी आहे, स्थळे आहेत आणि लग्न आहे. यांतले कोणतेही कलम २०१८ साली रद्द झालेले नाही. विवाहाच्या प्रश्नावर तर १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयानेही मान्यता देण्याचे नाकारले. म्हणजे जिथे घर सुरू होते, तिथे कायदा उंबऱ्याबाहेरच थांबला आहे. नाटक मात्र उंबऱ्याच्या आत घडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो त्या समाजातल्या तरुण वाचकांकडूनच येतो. नायिका शेवटी आत्महत्या करते. समलिंगी व्यक्तिरेखा म्हटली की तिला मारायचेच, ही कथा-चित्रपटांतली जुनी खोड. ती पुन्हा कशाला गिरवायची? या आक्षेपाला 'कलाकृती आहे तशी स्वीकारा' असे ठोकळेबाज उत्तर देऊन चालणार नाही. यवतमाळ जिल्ह्यात तर नाहीच. ज्या जिल्ह्याचे नाव देशाला शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे माहीत झाले, तिथल्या प्रेक्षागृहात 'आत्महत्या' हा शब्द नाट्यशास्त्रातला शब्द राहत नाही. समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या घरात तो शब्द घडून गेलेला असतो.

या आक्षेपाचे उत्तर नाटकातच शोधावे लागते. त्यासाठी ही गोष्ट कोण सांगतो आहे, ते पाहावे लागते.

सांगणारा बापू आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागच्या काळातला, बुजरा, सरळ, कॉलेजात शिकणारा मुलगा. मित्रा त्याच्याशी बोलते हेच त्याला नवल वाटते. ती त्याला आपले सारे सांगते : ठरलेले लग्न, स्वतःविषयी झालेली जाणीव, जीव देण्याचा फसलेला प्रयत्न. कॉलेजच्या नाटकात पुरुषाची भूमिका करताना ती नमाकडे ओढली जाते, तेव्हा तिच्यासाठी धावपळ करणारा बापूच असतो. भेटायला जागा नाही म्हणून तो आपली खोली देतो, त्यापायी सोबत्याची बोलणी खातो, मन्याचा रोष ओढवून घेतो. आणि मग एका टप्प्यावर त्याचे चांगुलपण संपते. मित्रा हट्टी आहे, स्वार्थी आहे, कधी क्रूर आहे. तिला सोसणे सोपे नाही. बापू दूर होतो. त्यानंतर तिची घसरण आणि अंत. आपल्यापुढे बोलत असतो तो हे सगळे घडून गेल्यानंतरचा बापू.

शीर्षकाकडे जरा व्याकरणाच्या नजरेने पाहावे. 'मित्रा' हे सुमित्राचे लाडके रूप धरले तर ही मित्रा नावाच्या मुलीची गोष्ट होते. काटेकोर जुन्या वळणाने तिचे षष्ठीचे रूप 'मित्रेची' व्हायला हवे होते. 'मित्राची' हे रूप 'मित्र' या पुल्लिंगी नामाचे निर्विवाद रूप आहे. मराठीत स्त्रीला 'मैत्रीण' म्हणतात. 'मित्र' म्हटले की तो पुरुष. तेव्हा एकाच शब्दात तीन माणसे उभी राहतात : मित्रा नावाची मुलगी, मैत्रीण या शब्दात न मावणारी व्यक्ती आणि मित्र असलेला बापू. ही गोष्ट मित्राची आहे तितकीच मित्र म्हणवून घेणाऱ्याची आहे.

तेंडुलकरांच्या त्या काळातल्या लेखनाशी हे जुळते. 'कमला'मधला जयसिंग जाधव सत्कार्यासाठी एक बाई विकत घेतो. १९८३ च्या 'कन्यादान'मधला नाथ देवळालीकर आदर्शासाठी मुलीचे लग्न पणाला लावतो. या दोघांच्या शेजारी बापूला बसवले की दिसते : या वर्षांत तेंडुलकर दुष्टांपेक्षा सज्जनांची परीक्षा घेत होते. सद्भावना किती दिवस पुरते, हा त्यांचा प्रश्न. जयसिंग आणि नाथ यांच्या मानाने बापूकडे आपण फार प्रेमाने पाहत आलो, कारण तो आपल्यासारखा आहे. आपणही खोली देऊ. आपणही ऐकून घेऊ. समोरचे माणूस शहाण्यासारखे, कृतज्ञतेने, आपल्या सोयीने दुःखी राहील तोवर.

'मित्राची गोष्ट' बापूची साक्ष म्हणून उभी केली, तर शेवटच्या आत्महत्येचा अर्थ बदलतो. 'अशांचे असेच होते' हा निष्कर्ष गळून पडतो आणि 'मी कुठे थांबलो?' हा प्रश्न उरतो. याच जिल्ह्याला हा फरक समजावून सांगावा लागू नये. श्याम पेठकर यांनी लिहिलेले आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेले 'तेरवं' इथल्या मातीतलेच नाटक आहे. त्यात शेतकरी नवऱ्यांनी आत्महत्या केलेल्या स्त्रिया स्वतः उभ्या राहतात. त्यांतल्या वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२ व्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतल्यानंतर तो मान त्यांच्याकडे आला, हेही विसरू नये : आवाज बंद करण्याची आणि आवाज देण्याची अशा दोन्ही गोष्टी एकाच मांडवात घडल्या. 'तेरवं'ने दाखवले ते असे, की मरणाची गोष्ट मागे राहिलेल्याने सांगितली म्हणजे ती आकडा राहत नाही आणि तमाशाही होत नाही. बापू हाही मागे राहिलेलाच आहे. फरक एवढाच, की त्याच्या शोकात त्याचा स्वतःचा हिशेबही मिसळलेला आहे.

'आमच्याकडचा प्रेक्षक अजून तयार नाही' हे वाक्य प्राध्यापकांच्या खोलीत हमखास ऐकू येते. केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण पांढरकवडा. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव, वऱ्हाडी, गोंडी, कोलामी, बंजारा आणि तेलुगू यांची सरमिसळ ऐकलेले. यवतमाळ शहरात झालेल्या दोन पुरुषांच्या विवाहसोहळ्याची बातमी २०१८ च्या आरंभी वर्तमानपत्रांतून आली, तेव्हा ती इथेही वाचली गेली. प्रेक्षकाला ठाऊक नाही असे काही नाही. आणि तालुक्याच्या गावी खेड्यांतून येऊन खोली करून राहणाऱ्या मुलामुलींना बापूच्या खोलीचे मोल पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकापेक्षा अधिक कळेल. मालकाचे घर वर, खोली खाली. कोण आले, किती वेळ थांबले, याची नोंद गल्ली ठेवते. तेंडुलकरांनी प्रेमाचा प्रश्न जागेच्या प्रश्नात कसा उतरवला आहे, हे इथे वर्गात समजावून द्यावे लागणार नाही.

प्रयोग करणाऱ्यांनी दोन गोष्टींची काळजी घ्यावी. विदर्भाच्या खडीगंमतीत स्त्रीवेषातला पुरुष ही जुनी ओळखीची रीत आहे. स्नेहसंमेलनातल्या नकलांनी त्या रीतीतला केवळ हशा उचलला. मित्रा पुरुषवेष घेते तेव्हा प्रेक्षक त्याच सवयीने हसेल. त्या हसण्याला घाबरू नये, पण त्याला खतपाणीही घालू नये. मित्राला आखूड केस, घोगरा आवाज, ढांगा टाकत चालणे अशी चिन्हे चिकटवली की नाटक संपलेच. दुसरे असे, की भाषेला वऱ्हाडी करण्याच्या मोहात पडू नये. ते नाटक चाळिशीच्या दशकातल्या सुशिक्षित मध्यमवर्गाचे आहे आणि त्या वर्गाची सभ्य, संकोची मराठी हाच बापूचा बुरखा आहे. तो काढला तर त्याला लपायला जागा उरणार नाही, आणि लपणे दाखवायचे आहे.

एक उणीव मात्र मूळ संहितेतच आहे आणि ती मान्य केली पाहिजे. या नाटकात घर ही शक्ती आहे, पण घराला स्वतःचा आवाज जवळजवळ नाही. स्थळ पाहणारे, दूर धाडणारे, लग्न ठरवणारे हात दिसतात. त्या हातांचा थरकाप ऐकू येत नाही. मित्राची आई रात्री काय विचार करत असेल, हे आपल्याला कळत नाही, कारण बापूला ते कळत नाही. तो आवाज मराठीत पुढे चेतन दातार यांच्या 'एक माधवबाग'मध्ये आला. तिथे एकटी आई रंगमंचावर आहे. मुलाची डायरी तिच्या हाती लागते आणि मुलगा समलिंगी आहे हे तिला त्या पानांतून कळते. दातार २००८ साली गेले. त्याच वर्षी तेंडुलकरही गेले. मोना आंबेगावकर यांनी 'एक माधवबाग'चे प्रयोग पुढे बरीच वर्षे केले.

म्हणून माझी सूचना अशी, की ही दोन नाटके लागोपाठच्या दोन संध्याकाळी व्हावीत. पहिल्या दिवशी मित्र बोलेल आणि तो कुठे कमी पडला ते सांगेल. दुसऱ्या दिवशी आई बोलेल. 'मित्राची गोष्ट' पूर्ण लांबीचे नाटक असले तरी त्याला मोठे नेपथ्य लागत नाही; 'एक माधवबाग'ला तर एक अभिनेत्री पुरते. विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी दरवर्षी तीच ती टाळीची एकांकिका शोधत बसणाऱ्या मराठी विभागांनी एक वर्ष हे करून पाहायला हरकत नसावी. निदान पहिल्या सत्रात दोन्ही संहितांचे जाहीर वाचन तरी व्हावे. त्याला खर्च नाही, परवानगीचा फारसा सोपस्कारही नाही.

यातून कुणाचे मतपरिवर्तन होईल असा माझा दावा नाही. नाटकाने ते काम अंगावर घेतले की ते वाईट नाटक होते. पण वर्गातल्या साठ मुलांमध्ये एखादी मित्रा बसलेली असतेच, आणि बापू तर अनेक असतात. मित्राला तिची गोष्ट ठाऊक आहे. बापूंना त्यांची अजून ठाऊक नाही. ती त्यांना वेळेवर, म्हणजे खोलीची किल्ली परत मागण्याआधी, कळली पाहिजे.