फासावर गेलेल्यांची स्मारके आणि आपण

आपल्या गोरखीपासून सराफा बाजार पायी काही मिनिटांवर आहे. तिथे अमरचंद बांठिया यांचा पुतळा आहे. खरेदीच्या गडबडीत तिकडे लक्ष जातेच असे नाही. बांठिया हे ग्वाल्हेर दरबारचे खजिनदार. जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे व रावसाहेब पेशवे यांनी ग्वाल्हेर घेतले, तेव्हा सैन्याच्या पगारासाठी बांठियांनी खजिना खुला केला. इंग्रजांनी शहर परत जिंकले आणि २२ जून रोजी त्यांना सराफ्यातच कडुनिंबाच्या झाडाला फाशी दिली.

तात्या पुढे दहा महिने लढत राहिले. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरी येथे त्यांनाही फाशी झाली. येवल्यात जन्मलेल्या या सेनापतीचे स्मारक तिथे आहे. आपण पेशव्यांचे चाकर असून धन्याचे हुकूम पाळले, असे त्यांनी लष्करी न्यायालयाला सांगितले होते.

फुलबागेतील राणीच्या समाधीपुढे आपण सारेच नतमस्तक होतो. या दोघांविषयी मात्र घरात फारसे बोलणे होत नाही. कारण उघड आहे. महाराज जयाजीराव शिंदे व दिवाण दिनकरराव राजवाडे त्या वेळी इंग्रजांच्या बाजूने होते आणि आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज शिंदे सरकारच्या चाकरीसाठीच इथे आले. बाड्याला जयाजी चौक हे नाव आहे ते याच महाराजांचे.

आमच्या मते हा संकोच सोडायला हवा. तात्या धन्याशी एकनिष्ठ राहिले आणि फासावर गेले. बांठियांनी धन्याच्या मर्जीविरुद्ध तिजोरी उघडली, तेही फासावर गेले. मग निष्ठा कोणाशी असावी? राज्य वाचवणारे महाराज चुकले का? असे प्रश्न पाठ्यपुस्तकातील चार ओळींत सुटत नाहीत. ते वर्गात मोकळेपणाने विचारले जावेत. त्याने शिंद्यांचा मान कमी होत नाही आणि हुतात्म्यांचाही नाही.

विद्यार्थी मित्रांनो, सराफ्यात गेलात की त्या पुतळ्यापाशी क्षणभर थांबा. पालकांनी घरात ऐकलेल्या त्या काळच्या हकिकती, दोन्ही बाजूंच्या, मुलांना सांगाव्यात. आणि विश्वस्त मंडळास विनंती, की इतिहासाच्या सहलीत फुलबागेबरोबर सराफा आणि शिवपुरी यांचाही समावेश व्हावा.