आधी निदान, मग फवारणी

सातपुड्याच्या पायथ्याचं सोनाळा असो की शहरातली गच्ची, परसातल्या टोमॅटोचं पान वाकडं झालं की हात आधी फवारणीच्या पंपाकडे जातो. ही सवय महागडी आणि बहुधा निष्फळ. खालच्या पानांवर वर्तुळं असलेले तपकिरी डाग म्हणजे बुरशीजन्य करपा. तिथे रोगट पानं खुडावीत, पाणी बुंध्याशीच द्यावं. पानं चुरडून झाड खुरटलं, तर तो बहुधा पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्यावर औषध नाही, झाड उपटावंच लागतं. फळाचं बूड काळं पडणं हा तर संसर्गच नव्हे; अनियमित पाण्यामुळे फळाला कॅल्शियम न पोचल्याची ती खूण.

चार झाडांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं कोणी म्हणेल. पण २०२० मध्ये नगर-नाशिककडे टोमॅटोवर ‘तिरंगा’ विषाणूची आवई उठली, तेव्हा बंगळुरूच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीत प्रामुख्याने आढळला तो आधीपासून माहीत असलेला काकडीवरचा मोझॅक विषाणू. घाबरून केलेली फवारणी रोग ओळखत नाही. शिवाय घरच्या भाजीवर मारलेलं विष बाजारात नव्हे, आपल्याच ताटात येतं. झाडं थोडी असतील, तर प्रत्येक पान उलटून पाहणं सोपंच आहे.